मोटारस्टँडवरचा देवचार

आमच्या गावचा मोटारस्टँड ज्या गवंड्याने बांधला, त्याने तोवर आयुष्यात फक्त घरं बांधली होती आणि एक देऊळ. मग स्टँडही त्याने घरासारखाच बांधला. पुढे पडवी, तिच्यामागे ओटा आणि बायकांना बसायला आत माजघर. त्या माजघराला खिडकी होती, नाही असं नाही, पण ती मागच्या बाजूला, कुणाच्या तरी उकिरड्यावर उघडायची. बायकांवर पुरुषांची नजर पडू नये, अशी पंचायतीची सूचना होती. गवंड्याने ती इतकी मनावर घेतली की बायकांची नजरही गाडीवर पडेना. आत बसलेल्या बायका धुरळा आणि पेट्रोलचा वास आला की ओळखायच्या, गेली गाडी.

जोतं कमरेएवढं उंच. पावसाळ्यात वहाळ रस्त्यावर येतो, म्हणून. ते एक ठीक होतं. पण वर चढायला त्याने देवळाच्या केल्या असत्या तशाच पायऱ्या केल्या, एकेक गुडघ्याएवढी, आणि कठडा कुठेच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "देवळात चढतास मां? मगे हंय चढूक काय झाला?"

मी तेव्हा सासरी नवीन होते आणि जन्मजात संशयी. माहेर फोंडाघाटचं. घाट उतरून गुळाच्या गाड्या आमच्या दारासमोर थांबायच्या. माझे वडील ढेप ठोकून बघणार, वास घेणार, कण जिभेवर ठेवणार आणि मगच गाडीवाल्याला रामराम करणार. त्या शाळेत शिकलेली मुलगी मी. दुधावर साय आली तरी विचारायची, ही इथे कोणी ठेवली? नवरा बोटीवर नोकरीला. त्याच्यावर संशय घ्यावा तर तो हाताशी नाही. म्हणून मी घरातल्यांवर घ्यायचे. घरात तिघं होती: मामंजी, सासूबाई आणि माझ्याहून थोडी मोठी नणंद. तिला मी आक्का म्हणायचे.

आक्काचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. काठी घेऊन चालायची. सपाट वाटेवर, अगदी चढणीवरसुद्धा, ती माझ्यापुढे असायची. अडायची ती पायरीला. घराच्या उंबऱ्यावर ती चौकटीला धरायची, देवळात जायची ती बाजूच्या वाटेने. पण डोकं असं तल्लख की सातवीची फायनल पहिल्या फटक्यात पास झाली आणि कुडाळच्या वाटेवरच्या एका शाळेत तिला मास्तरणीची जागा मिळाली. जूनपासून जायचं होतं. रोज गाडीने जायचं, गाडीनेच यायचं.

मामंजींना ते नको होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना नको होता तो कंडक्टरचा हात. परीक्षेला जाताना पिंपळाखालच्या जुन्या थांब्यावर आक्काला पायरी जमेना, तेव्हा कंडक्टरने तिला दोन्ही दंडांना धरून आत घेतली होती. सगळ्या बाजाराने बघितलं. मामंजी घरी आले ते जेवलेच नाहीत. आणि जागा मिळाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी ओट्यावरून आतल्या बाजूला ऐकू जाईल असं सांगितलं, "जा. बापूस नको म्हणूचो नाय. पण चढशीत ती आपल्या पायान. ज्या दिवशी कोणी तुका उचलून गाडयेत घातल्यान, त्या दिवशी शाळा बंद."

आक्का नारळ खवत होती, ती खवत राहिली.

आता स्टँडची गंमत सांगते. पायऱ्या तिच्या उपयोगाच्या नव्हत्या. पण बांधकामाच्या वेळी गड्यांनी चिरे वर न्यायला बाजूच्या अंगाला एक चढण केली होती. खाली फुटके चिरे, वर चोपलेली माती. एकदा आम्ही दोघी बाजारातून येत होतो, आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडी जोत्याला चिकटून उभी करून बघत होते, बसते की नाही ते. आक्का थांबली. मग चढणीवरून टकटक करत वर गेली. गाडीची वरची पायरी जोत्याच्या बरोबरीला आलेली. आक्काने उंबरा ओलांडावा तसं पाऊल टाकलं आणि गाडीत जाऊन बसली. रिकाम्या गाडीत, खिडकीशी. थोडा वेळ बसून उतरली, खाली आली आणि गाईच्या पाठीवर थोपटावं तशी त्या चढणीवर काठी थोपटली.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी काय बघत होते? तर ड्रायव्हर तिच्याकडे बघतो का, ते.

पुढच्याच आठवड्यात ओव्हरसियर आले. साहेब माणूस, शुद्ध बोलायचे. सगळं बघून झाल्यावर चढणीकडे छत्री करून म्हणाले, "हा ढिगारा अजून इथे कसा? उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत. काढून टाका." मामंजी पंचायतीत होते. ते म्हणाले, "काढतो साहेब." संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ते असंच सांगितलं, पाऊस कधी येईल ते सांगावं तसं. सासूबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. आक्काने ताक वाढलं. कोणी रडलं नाही, भांडलं नाही. मी मनात म्हटलं, ही माणसं एवढी शांत आहेत म्हणजे काहीतरी शिजतंय. एवढं एक मी बरोबर ओळखलं. काय शिजतंय ते मात्र शेवटपर्यंत चुकीचं.

कारण दुसऱ्या दिवसापासून आक्का दुपारची बाहेर पडू लागली.

"खंय जातंस गो आक्का?"

"देवळात."

दुपारी देवळात? गुरवसुद्धा झोपलेला असतो! मी कळशी घेतली आणि पाणी आणायला म्हणून तिच्या मागे निघाले. विहीर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि कळशी रिकामी. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते, पाण्याला चाललेय. अशी मी हेरगिरी करायचे. एखादी म्हैस पदराआड लपावी तशी.

आक्का देवळाकडे वळलीच नाही, स्टँडवर गेली. तिथे चित्रकार होता. हा गणपती करणारा माणूस. चतुर्थीआधी त्याच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, आख्खा गाव पाट नेऊन ठेवायचा, आणि उरलेलं वर्ष तो दशावताराचे पडदे नि मुखवटे रंगवायचा. पंचायतीने त्याला स्टँडवर चित्र काढायला सांगितलं होतं, आणि त्याचा ठरावसुद्धा झाला होता: प्रगतीच्या वाटेवरचा शेतकरी. चित्र पुढच्या भिंतीवर, पायऱ्यांच्या वर यायचं होतं. पण हा बसला होता बाजूच्या भिंतीशी, चढणीच्या माथ्यावर, आणि आक्का त्याच्यासमोर धुळीत काठीने काहीतरी रेखत होती. तो हसत होता. तीही हसत होती.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून, अर्धी वाक्यं गिळत, जसं अशा वेळी सांगायचं असतं तसं. सासूबाई कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाल्या, "त्येका चार पोरां आसत आणि दात दोन. माझ्या चेडवाची नजर इतकी वायट नाय गो. पाणी खंय आसा?"

कळशी रिकामीच होती.

त्यांनी विषय इतका चटकन पाण्यावर नेला, याचाही मला संशय आला. पण मी तो चुकीच्या खुंटीला टांगला. वाटलं, आई मुलीवर पांघरूण घालतेय. पुढचे काही दिवस मी आक्काच्या वेणीत फूल आहे का बघायचे, लुगड्याला रंग लागलाय का बघायचे. एकदा पिवळा डाग दिसला. रात्रभर झोपले नाही. हळद होती.

चित्र झालं. आम्ही सगळ्या बघायला गेलो. चित्रकार सांगत होता, पुढच्या भिंतीवर ऊन येतं, रंग उडाला असता, म्हणून इकडे काढलं. शेतकरी माणसाहून मोठा. खांद्यावर काळी घोंगडी, डोक्याला मुंडासं, हातात जाड काठी. एक पाऊल पुढे टाकलेलं, आणि ते नेमकं चढणीवर येऊन टेकलेलं. वाटावं की आता भिंतीतून निघून चढण उतरणार. मागे सूर्य उगवत होता म्हणे. मला तो मावळताना वाटला. आणि डोळे! त्या माणसाचा हात गणपतीच्या डोळ्यांवर बसलेला. त्याने शेतकऱ्यालाही तसलेच डोळे आखले होते, लांब, भरलेले, जिकडे जावं तिकडे बघणारे. मी त्या शेतकऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकमेकांचा संशय आला.

पण तेव्हा छान आहे, असं म्हणून सगळ्या घरी आल्या.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी आक्का घरात झोपलेली आणि सासूबाई गायब. मी म्हटलं, आज आईच निरोप घेऊन गेली! पुन्हा कळशी. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. मी मागून जाऊन बायकांच्या त्या माजघरात शिरले. पहिल्यांदाच ती खोली कोणाच्या तरी उपयोगी पडली. बाजूच्या दाराच्या फटीतून बघते, तर सासूबाई पदराखाली नारळ घेऊन चढणीच्या पायथ्याशी उभ्या. इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि तशाच थांबतात. कशाची वाट बघतायत ते मला कळेना. मग मालवणच्या बाजूने पाट्या घेऊन मासळीवाल्या येताना दिसल्या. त्या हाकेच्या अंतरावर आल्या आणि सासूबाईंनी चपला काढल्या, नारळ चित्राच्या पावलाशी ठेवला, शेजारी मामंजींच्या कट्ट्यातल्या चार विड्या ठेवल्या, आणि मोठ्याने हात जोडले.

"बा राखणदारा! सीमेवरच्या देवचारा! तुझ्या वाटेर आमचो पाय पडलो आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

मासळीवाल्या थबकल्या. एकीने पाटी खाली ठेवली.

"अगो बाये माझे... खराच गो. घोंगडी बग. काठी बग."

"आणि डोळे बग गो त्येचे!"

"हयसून तर जाता तो. माझो आजो सांगी, ह्याच सीमेर फेरी आसा त्येची."

आमच्याकडे ज्याला ठाऊक नाही असं पोर नाही: देवचार म्हणजे गावच्या सीमेचा राखणदार, खांद्यावर घोंगडी टाकून काठी आपटत अंधारात गावाची फेरी करणारा. त्याला नारळ चालतो, विडी चालते. चालत नाही ती एकच गोष्ट. त्याची वाट अडवायची नाही, मोडायची नाही. माणसं त्याच्या वाटेवर गोठासुद्धा बांधत नाहीत.

पाट्या उचलून त्या बायका बाजारात गेल्या. मासळीच्या आधी बातमी संपली.

सासूबाई निघाल्या. मी दाराआड अंग चोरून उभी होते. दारासमोर आल्यावर त्या न बघताच म्हणाल्या, "भायर ये. आणि घरात तोंड उघडलंस तर ह्योच देवचार तुझ्या वांगडा पाठवीन म्हायेराक."

मी बाहेर आले. आता मला सगळं दिसलं: आक्काची काठी, धुळीतल्या रेघा, कोणत्या भिंतीवर चित्र काढायचं आणि पाऊल कुठे टेकायचं ते. प्रेमप्रकरण शोधत होते मी, आणि हाताला लागला तो कट. म्हटलं, काय ह्या बायका! देवालाही कामाला लावलं! पण एक गोष्ट माझ्या संशयी डोळ्यांनी तेव्हाच टिपली. परत फिरताना सासूबाईंनी चित्राकडे पाठ केली नव्हती. चार पावलं त्या मागे मागे सरकत गेल्या, आणि मगच वळल्या. आपणच बसवलेल्या देवचाराला त्या भ्यायल्या होत्या की काय, ते मी पुढे अनेकदा विचारलं. दर वेळी त्या म्हणाल्या, "पाणी खंय आसा?"

उद्घाटन जवळ आलं. तोवर चढणीशी नारळांचा ढीग झाला होता. चित्राच्या भिंतीला कोणी पाठ टेकून बसेना. मुकादम गडी घेऊन चढण तोडायला आला, तर गडी पिकाव खांद्यावरून खाली घेईनात.

"आमी नाय हात लावूचे. त्येची वाट ती."

मामंजींना बोलावणं आलं. ते धोतराचा सोगा सावरत आले, मागून बाजार आला, आणि आम्हीही आलो. आक्का लांब पिंपळाखाली उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिचा चेहरा मला दिसत होता. त्या पायऱ्यांकडे ती एकदाही बघत नव्हती. चढण राहिली तर शाळा होती. चढण गेली तर आयुष्यभर नारळ खवायचे होते.

"अरे, तो शेतकरी हा!" मामंजी ओरडले. "पंचायतीत ठराव केल्लो हा आमी शेतकऱ्याचो!"

"शेतकरी आसात तर सकाळच्या पारी शेतात कित्याक नाय?" एक मासळीवाली म्हणाली. "मोटारीची वाट बगता?"

माणसं हसली. मामंजी हसले नाहीत. त्यांना कोणी हसलेलं खपायचं नाही. "हाड तो पिकाव हंय," म्हणाले. "मीच तोडतंय."

गड्याने पिकाव दिला. तो त्यांनी घेतला तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा. कट करताना नवरा स्वतः पिकाव उचलेल हे त्यांनी धरलंच नव्हतं. आक्काची काठी जमिनीत रुतत चालली होती.

मामंजी चढणीच्या पायथ्याशी गेले. धोतर वर खोचलं. पिकाव डाव्या हातात घेतला. आणि पुढे पाऊल टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या. उजवी, मग डावी. एकीशेजारी एक, नीट, देवळाच्या पायरीशी काढून ठेवतात तशा. आणि अनवाणी पाय चढणीवर ठेवला.



मग मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

देवाला गाऱ्हाणं घालताना गाव जी साथ देतो, तीच ही. एकदा कोणी म्हटली की बाकीच्यांच्या तोंडून आपोआप येते. सगळा बाजार म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मामंजींनी खाली आपल्या पायांकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, मग वर त्या डोळ्यांकडे. पिकाव धरलेल्या हाताची शीर मला अजून दिसते. मग त्यांनी पिकाव भिंतीला टेकवून उभा केला.

"सायबांका सांगा," ते मुकादमाला म्हणाले, "चढण सामानाक ठेवली हा. पेट्यो, पाट्यो चढवूक. लोकांची सोय."

आणि चपला पायात न घालता हातात घेऊन घराकडे चालू लागले. पिंपळाखालून जाताना ते आक्काच्या समोरून गेले. तिच्याकडे बघितलं नाही. पण चालण्याचा वेग कमी केला, असं मला वाटलं.

तेव्हापासून माझ्या मनात एक आहे. आम्ही बायका समजत होतो की सवयीने चपला निघाल्या नि माणूस अडकला. पण मामंजी हे पेटीच्या कुलपाला दोनदा ओढून बघणारे गृहस्थ. चपला काढल्यावर काय होईल, हे त्यांना कळलं नसेल? आपल्याच विड्या देवचाराच्या पायाशी बघून ते काहीच कसे बोलले नाहीत? सासूबाईंनी नवऱ्याला फसवलं, की नवऱ्याने सासूबाईंना? मी दोघांनाही शेवटपर्यंत या बाबतीत डोळ्यांआड होऊ दिलं नाही. दोघांनीही काही कळू दिलं नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मामंजी सकाळीच छत्री आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. बाजारात जातो, म्हणाले. बाजाराचा वार नव्हता. थोड्या वेळाने सासूबाईंनी मला पिटाळलं, "जा, बगून ये." मी गेले. आक्का कोरं लुगडं नेसून चढण चढत होती. चित्रकार रंगाची वाटी घेऊन देवचाराच्या मुंडाशाशी उगाचच काहीतरी करत होता. आणि समोर चहाच्या दुकानाच्या छपराखाली, पाठमोरे, पण पाठमोऱ्या माणसाची मान जितकी वळते तितकी वळवून, मामंजी.

गाडी आली. पण ड्रायव्हर नवा होता. त्याने जोत्यापासून हातभर लांब उभी केली. मध्ये फट. आक्का काठावर थांबली. कंडक्टरने सवयीने हात पुढे केला.

"येवा बाई, धरा."

मामंजींची छत्री खाली आली. मी डोळे मिटले नाहीत. मला मिटता येत नाहीत.

आक्काने त्या हाताकडे बघितलं, आणि त्यात आपली पिशवी दिली. "ही धर. आणि त्येका सांग, गाडी जोत्याक लाव. उद्यापासून रोज लागतली."

कंडक्टर पिशवी धरून उभाच राहिला. मग त्याने घंटी मारली. गाडी मागे गेली, पुढे आली, जोत्याला घासून थांबली. आक्काने काठी आत टेकली, उंबरा ओलांडला, आणि आत जाऊन खिडकीशी बसली. मग हात बाहेर काढून पिशवी मागून घेतली.

गाडी गेली. धुरळा खाली बसला तेव्हा मामंजी माझ्या शेजारी उभे होते. सुनेशी ते रस्त्यात कधी बोलत नसत. घसा खाकरून समोर बघतच म्हणाले,

"भाकरी घेतल्यान मां?"

"घेतल्यान," मी म्हटलं. "सुक्या सुंगटांची चटणी घातली हा वांगडा."

"मगे बरा," म्हणाले, आणि बाजाराला आलेला माणूस रिकामी पिशवी काखेत मारून घराकडे वळला.